मीटरभोवतीची चौकट तडकली, स्क्रूचे खांब तुटले: घरी काय करता येईल?

चौथा_गिअर
गाडी १९८०च्या दशकातली. मीटरभोवतीची काळी चौकट काढताना दोन ठिकाणी तडकली. मोठा तडा कोपऱ्यातून सुरू होऊन साधारण ७ सेंमी आत गेलाय. मागे स्क्रू बसतात त्या चार पोकळ खांबांपैकी दोन मुळातून तुटले, तुकडे ठेवले आहेत. सुटा भाग मिळत नाही. कुठलं प्लास्टिक आहे याचा छाप मागे कुठेच नाही. साधा सुपरग्लू चालेल का? दर्शनी बाजूचे दाणे, म्हणजे तिथला खरबरीत पोत, मात्र जायला नको.

घासकागद
गोंदाचं नंतर बघू, आधी प्लास्टिक ओळखा. मागच्या बाजूने नखाएवढी कपची काढा आणि साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. वर आली तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. बुडाली म्हणजे एबीएसच (अॅसिटोनमध्ये विरघळणारं कडक प्लास्टिक), असं मात्र नाही, कारण टाल्क (खनिज भुकटी) भरलेलं पॉलिप्रॉपिलीनही बुडतं. म्हणून कपची कोरडी करून तिच्यावर अॅसिटोनचा थेंब टाका. मिनिटभरात चिकट होऊन काडीला तार आली तर एबीएस धरून चाला. काहीच झालं नाही तर अॅसिटोनने जोडायची कृती तुमच्यासाठी नाही.

सुपरग्लू तुकडा जागेवर धरायला ठीक आहे, भार घ्यायला नाही. वाळला की ठिसूळ होतो आणि ८० अंशांच्या आसपास ढिला पडतो. बंद गाडीचा डॅशबोर्ड उन्हात त्याच्या जवळपास जातो. शिवाय त्याच्या वाफेने काळ्या प्लास्टिकवर पांढरी झाक येते.

चौथा_गिअर
कपची बुडाली आणि अॅसिटोनने चिकट झाली, तारही आली. पुढे?

वळणदार
मग सोपं आहे. त्याच जातीच्या प्लास्टिकचा लगदा करायचा. काळे एबीएस तुकडे बारीक कातरून काचेच्या बरणीत घाला, बुडतील एवढंच अॅसिटोन ओता, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी ढवळल्यावर काकवीइतकं दाट हवं. थर्माकोल किंवा पातळ पारदर्शक प्लास्टिकचा पेला वापरू नका, तोच विरघळेल. तुकडे नसतील तर लेगोचे काळे ठोकळे एबीएसचेच असतात, फक्त पारदर्शक घेऊ नका.

घासण्याआधी चौकट साबणाच्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन आधी निघालं पाहिजे. तसंच घासलंत तर ते ओरखड्यांत बसतं आणि नंतर ना लगदा धरतो ना रंग.

आता तडा. चौकट हलकेच वाकवून उजेडात बघा, खरं टोक दिसतं त्याच्या थोडं पुढे असतं. तिथे २ मिमीचं भोक पाडा, नाहीतर दुरुस्तीनंतर तडा पुन्हा चालू लागतो. मागून तड्यावर व्ही आकाराची चर काढा, जाडीच्या साधारण दोन तृतीयांश खोल. दोन्ही बाजूंना १५ मिमीपर्यंत १२० नंबरच्या कागदाने घासा.

बहुतेकांचं इथेच बिघडतं: पुढून टेप लावतात आणि मागून अॅसिटोन सोडतात. ते तड्यातून उतरतं, टेपखाली अडकतं आणि नेमके दर्शनी दाणे विरघळवतं. टेप न लावता कडांना चिमटे लावा. जवळजवळ कोरड्या बारीक ब्रशने चरीत अॅसिटोन फिरवा, अर्धा मिनिट दाबून धरा, मग लगदा भरा. एका वेळी १ मिमीच. जाड थरावर आधी साय धरते आणि आतल्या अॅसिटोनचे बुडबुडे राहतात. दुसऱ्या थरात फायबरग्लासची जाळी दाबून बसवा. दोन थरांत चार-पाच तास जाऊ द्या. लगदा आटतो, म्हणून चर किंचित उंच भरा. भार देण्याआधी ४८ तास थांबा.

घासकागद
खांबांबद्दल: तुकडा अॅसिटोनने जागेवर चिकटवा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. बाहेरून घट्ट बसेल अशी पितळी नळीची कडी चढवा आणि बुडाशी लगद्याचा उतार करा. भोकात लगदा गेला असेल तर स्क्रूपेक्षा बारीक ड्रिलने हाताने साफ करा. स्क्रू लावताना आधी उलटा फिरवा, टिक असं जाणवलं की जुन्या आट्यांत बसला, मग सुलटा. ताणू नका. आणि थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो गोंद) अजिबात नको, एबीएस त्याने काही दिवसांत आपोआप तडकतं.

दाणेदार
दाण्यांसाठी: चौकटीच्या चांगल्या भागावर दोन भागांची सिलिकॉन पुटी दाबून छाप घ्या. दर्शनी तड्यात काळं इपॉक्सी जेमतेम पातळीपर्यंत भरा, अर्धवट घट्ट झालं की छाप दाबा. सिलिकॉन इपॉक्सीला चिकटत नाही, अलगद सुटतं. आजूबाजूला घासू नका, चमक वेगळी दिसते. शेवटी पूर्ण चौकटीवर प्लास्टिकचा मॅट काळा रंग, दोन-तीन पातळ फवारे. जाड फवारा मारलात तर दाणेच बुजतात.

वळणदार
एक राहिलं: अॅसिटोनची वाफ पेट घेते. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास शेगडी, हीटर, सिगारेट काहीही नको. हेअर ड्रायरने लवकर वाळवायचा मोहही आवरा.