गोकाकचं पाणी पांढरं कशाला करायचं?

खानापूरकर:
पाऊस लागला की आपल्या बेळगाव भागाच्या फोटोंचा नुसता पूर येतो. परवा गोकाक धबधब्याचा एक फोटो बघितला. पाणी दुधासारखं, वर आभाळ निळंशार. ऐन पावसाळ्यात घटप्रभा सह्याद्रीतली माती घेऊन उतरते आणि 171 फुटांवरून कोसळते ती तांबूस, गढूळ होऊन. तोच तर गोकाकचा दरारा! तो रंगच पुसला तर उरलं काय? माझं स्पष्ट मत आहे, आपल्या नद्यांच्या, देवळांच्या फोटोंना सॉफ्टवेअर लावूच नये. कॅमेऱ्यातून आलं ते टाकावं.

टिळकवाडी:
पाण्याचं शंभर टक्के पटलं. पण ‘कॅमेऱ्यातून आलं ते’ म्हणजे नेमकं काय ओ? जेपेग, म्हणजे नेहमीची फोटो फाईल, बनवताना कॅमेरा रंग, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस स्वतःच ठरवतो. म्हणजे आपण हात लावला नाही तरी एडिटिंग झालेलंच असतं, फक्त ते कंपनीच्या पसंतीचं.

आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, ते जैन मंदिर, घ्या. 1204 सालची. मंडपात उभं राहून वर बघितलं की छतातलं 72 पाकळ्यांचं कमळ आणि त्यातल्या तीर्थंकरांच्या मूर्ती डोळ्यांना दिसतात, कारण डोळा अंधाराला सरावतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. छत धरलं तर दाराकडची बाजू पांढरीफट्ट, दार धरलं तर छत काळंठिक्कर. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे (कमी-जास्त उजेड घेतलेले) तीन फोटो काढून जोडले, किंवा रॉ फाईलमधल्या (कॅमेऱ्यानं रंग वगैरे न ठरवलेल्या मूळ फाईलमधल्या) शॅडो, म्हणजे काळोखे भाग, उजळल्या, तरच ती कारागिरी दिसते. याला खोटं कसं म्हणायचं?

हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिराचंही तेच. शिखर मावावं म्हणून कॅमेरा वर केला की भिंती मागं कलतात. देऊळ कुठं कललंय? डार्कटेबलसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही त्या सरळ करता येतात.

निपाणीचा वाटसरू:
मी आणखी पुढं जाईन. फोटो ही कला आहे, पंचनामा नव्हे. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं 1927 मध्ये लाल फिल्टर लावून आभाळ जवळजवळ काळं केलं होतं. त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. मग राजहंसगडावर मला आभाळ फिकं मिळालं आणि मी ते बदललं, तर कुणाचं काय बिघडलं? फोटोशॉपमध्ये 2020 पासून त्यासाठी वेगळं टूलच आहे.

खानापूरकर:
बिघडतं की! अ‍ॅडम्सचा फिल्टर त्याच क्षणाच्या, त्याच डोंगरावरच्या आभाळासाठी होता. दुसऱ्या गावचं आभाळ आणून त्यानं चिकटवलं नव्हतं. तुमच्या फोटोत सूर्य बुरुजामागं मावळतोय आणि बुरुजाची आपल्याकडची बाजू मात्र उन्हात लख्ख. हे कसं काय? दगडावरचं ऊन त्या वेळेचं असतं, आभाळासारखं ते बदलता येत नाही.

भिंती सरळ करण्याला, अंधार उजळण्याला माझा विरोध नाही. टिळकवाडींनी ते चांगलं समजावलं.

चिकोडीची लेक:
आणि विजेच्या तारांचं काय? देवळासमोर तारा, त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स. मी दोन्ही काढून टाकते. शिल्पकारानं ते देऊळ तारांसकट घडवलं नव्हतं.

टिळकवाडी:
ताई, फ्लेक्स काढा, तो आठवड्यात उतरतो. पण हेच टूल भिंतीवर फिरायला लागलं की मला भीती वाटते. चिऱ्याच्या जुन्या वाड्याचा एक फोटो फिरतोय. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) इतकं वाढवलंय की जांभा केशरी दिसतोय. शेवाळ गायब, आणि कोपऱ्यातला तडाही पुसलाय. उद्या तो कोपरा ढासळला तर तडा कधीपासून होता हे कशावरून कळणार? आपल्याकडच्या कितीतरी वास्तूंची नीट नोंदच नाही, लोकांचे फोटो हीच नोंद आहे. म्हणून मूळ फाईल जपा, आणि काही काढलं-घातलं असेल तर फोटोखाली तसं लिहा.

निपाणीचा वाटसरू:
लिहायला हरकत नाही, लिहीन. पण आभाळ बदलणं मी सोडणार नाही.

चिकोडीची लेक:
तडा मी कधीच पुसणार नाही. तारा मात्र काढणारच, आणि तसं लिहीनही.