मत्तय चोवीस वाचून तुम्हाला खरंच धीर आला का? (अनुभव धागा)

कुंभारगल्लीवाला

सलाम मंडळी.

मागच्या महिन्यात आमच्या चर्चच्या तरुण संघात बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय घेतला होता, येशू शेवटच्या काळाबद्दल बोलतो तो. पहिला रविवार सगळा लढाया, भूकंप आणि कुठल्या देशानं कुणावर काय टाकलं ह्यातच गेला, प्रत्येकाच्या मोबाईलवर एक तरी फॉरवर्ड होता की बघा आता फक्त प्रभू येतानाचा कर्णा वाजायचा राहिलाय. दुसऱ्या रविवारी एक पोरगी उठून म्हणाली, मला हे ऐकून रात्री झोप येईना, आणि प्रभू तर त्याच अध्यायात घाबरू नका म्हणतोय, मग आपण नेमकं काय शिकवालोय? सगळे गप्प. पाळकसाहेब पण गप्प. म्हणून हा धागा.

एकच विनंती, हिशेब नको. कोण ख्रिस्तविरोधक, कुठलं साल, बारकोड, लस, हे सगळं बाजूला ठेवा. संकटात असताना येशूच्या ह्या शब्दांवर तुम्ही टेकलात का आणि काय झालं एवढंच लिहा. टेकायला गेलात आणि पडलात तर ते पण लिहा.

माझ्यापासून सुरू करतो. आमचं टेलरिंगचं दुकान कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीत. २००५ च्या पुरात पाणी आल्तं तेव्हा पप्पांनी भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारून ठेवलेली, खाली तारीख. त्यानंतर दर पावसाळ्यात ती रेघ म्हणजे आमच्या घरचं शास्त्र. २०१९ च्या ऑगस्टला पाणी चढायला लागलं तसं आम्ही मशीन, गिऱ्हाइकांची कापडं, इस्त्री, सगळं फळ्यांवर फळ्या टाकून रेघेच्या हातभर वर चढवलं आणि निवांत पाहुण्यांकडं जाऊन झोपलो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, अख्खं कोल्हापूर बेट झाल्तं. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर मशिनी चिखलात उताण्या. कापडांचा वास अजून नाकात आहे.

पप्पा त्या दिवशी काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी उपासनेवरून येताना एवढंच म्हणाले, जलप्रलय आला त्या नोहाच्या वेळची माणसं काय दारुडी नव्हती रे, खात होती, लग्नं करत होती, दुकानं चालवत होती, त्यांचीपण कुठंतरी रेघ असणार.

मला तेव्हापासून एक कळतंय. आपल्याकडं बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ म्हणजे धोका. ३९ ला कोण गाव सोडून पळत नाही, पण कोण तंगड्या पसरून झोपत पण नाही, सामान माळ्यावर जातं, म्हातारी माणसं हलवतात. येशूनं लढाया, दुष्काळ, भूकंप ह्यांची यादी दिली आणि लगेच म्हणाला हा वेदनांचा आरंभ आहे, शेवट इतक्यात नाही. म्हणजे हे ३९ फूट. आपण फॉरवर्डवाले दर वेळी ३९ ला ४३ चा भोंगा वाजवतो.

आता तुम्ही.

बारावी २०११

हसू नका. २०११ साली मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होतो, फिजिक्स गेल्यातच जमा होतं. त्यात नेट कॅफेत वाचलं की अमेरिकेत हॅरोल्ड कॅम्पिंग म्हणून एक रेडिओवर बायबल शिकवणारा म्हातारा आहे, त्यानं हिशेब काढलाय, २१ मे ला प्रभू येणार. खरं सांगू का, भीती वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं! निकालाच्या आधी जग संपतंय म्हटल्यावर अजून काय पाहिजे. साठवलेले सगळे पैसे काढले, दोन दोस्तांना घेऊन तांबडा पांढरा हाणला, त्यांना कारण सांगितलं नाही.

२१ ला शनिवार होता. रात्री बारापर्यंत गच्चीवर बसलो. डास चावले. रविवारी चर्चला गेलो तर पाळकसाहेब नेहमीसारखे घंटा वाजवायला सांगत होते. मी त्यांना सगळं ओकलो. ते हसले नाहीत, म्हणाले तू पहिला नाहीस, विल्यम मिलर म्हणून एक शेतकरी उपदेशक होता अमेरिकेत, त्याच्या माणसांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरलेला, हजारो लोक रात्रभर वाट बघत बसले, काहींनी शेतातलं पीकपण काढलं नव्हतं. मग शास्त्र उघडून बोट ठेवलं, तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, दूतांना नाही, पुत्रालापण नाही. म्हणाले, जे पुत्राला ठाऊक नाही ते रेडिओवाल्याला कसं काय ठाऊक?

कॅम्पिंगनं नंतर २१ ऑक्टोबर सांगितला, तोपण गेला, आणि २०१२ ला त्यानं आपण चुकलो हे कबूल केलं. ते कबूल करणं मला आवडलं, कमी लोक करतात.

फिजिक्समध्ये नापासच झालो. ऑक्टोबरला सुटलो.

सिस्टर_नाईट_ड्यूटी

मी नर्स. २०२१ चा एप्रिल मे. दवाखान्याचं नाव घेत नाही. ऑक्सिजनचा आकडा बघत रात्र काढायची, पीपीई किटमध्ये घाम पायात उतरायचा, बाथरूमला जायला नको म्हणून पाणी प्यायचं नाही. माझ्या लॉकरला आतून योहान १६:३३ चिकटवलेलं, जगात तुम्हांला क्लेश होतील तरी धीर धरा, मी जगाला जिंकलं आहे. नर्सिंगला असताना मैत्रिणीनं स्केचपेननं लिहून दिलेलं, कडेला फुलंबिलं काढलेली.

एका रात्री तीन पेशंट गेले. तिसरी माझ्याच वयाची. तिच्या नवऱ्याला फोन मीच केला. त्यानंतर लॉकर उघडला, तो कागद दिसला आणि मी तो फाडला. लिहिताना लाज वाटतेय पण धाग्यात खरं लिहा म्हटलंय म्हणून. जिंकलंय म्हणे जगाला, मग हे काय आहे?

चमत्कार वगैरे काही झाला नाही, मी तशीच ड्यूटी करत राहिले. पण आठवड्याभरानं ऑटोक्लेव्हजवळ, म्हणजे अवजारं वाफेनं निर्जंतुक करायच्या मशीनजवळ, उभी असताना डोक्यात आलं की अगं तो क्लेश होणार नाहीत असं म्हणालाच नव्हता. होतील म्हणाला. आणि कधी म्हणाला, तर पकडलं जायच्या रात्री, स्वतःचे हाल पुढ्यात दिसत असताना. मी पेशंटला सुई टोचताना जरापण दुखणार नाही म्हणते ना, ते खोटं असतं. त्यानं तसलं खोटं सांगितलं नाही. माझा विश्वास एवढ्याशा गोष्टीवर उभा आहे, त्याहून मोठी साक्ष माझ्याकडं नाही.

कागद परत लावला नाही. तो फाटलेलाच बरा.

आज्जीची_नात

हे माझ्या आज्जीचं, ती सांगतीया आणि मी टाईप करतीया, तिच्याच भाषेत ठेवलंय.

“आमी आंबेवाडीचं. १९ सालाला पाणी आलं तवा आमी समदी स्लॅबवर, माझी सून आठ म्हैन्याची पोटुशी. मला शास्त्रातलं त्येच आठवालतं, गरोदर आन अंगावर पाजणाऱ्यांची काय दशा हुईल, आन तुमचं पळणं हिवाळ्यात हू नये म्हून प्रार्थना करा. मी म्हटलं देवा, तुज्या मुलखात हिवाळा वाईट आसल, आमचा पावसाळाच वाईट, तेवढं समजून घे.

पोरगा म्हणाला आई मी खाली जाऊन पेटीतली कागदं आणतो, सात बारा, आधार कार्ड, समदं खाली हाय. मी म्हटलं उतरू नकोस, जो धाब्यावर हाय त्यानं घरातलं काय घ्यायला खाली उतरू नये, येशूनं सांगितलंया. तर त्यो मलाच शिकवाय लागला की आई ते तिकडच्या यरुशलेम शहरासाठी हाय, आपल्या स्लॅबसाठी न्हाई. मी म्हटलं आसूदे, पण तू उतरायचं न्हाईस, उतरलास तर माझं तोंड बघू नकोस. न्हाई उतरला. रातच्याला गोठ्याची भिंत बसली, ज्या बाजूनं त्यो जाणार हुता त्याच बाजूची.

सकाळी तालमीची पोरं आन बोटवालं आलं. कुणाचा देव कोण इचारलं न्हाई. सुनंला पाळण्यागत उचलून घेतली.”

आज्जीला मी विचारलं, म्हणजे ते वचन आपल्यासाठीच होतं म्हण की? म्हणाली, “तुजा बा म्हणतोय त्येच बरोबर आसल. पर पाणी आलं की कागदासाठी खाली उतरू नये, ह्ये यरुशलेमात काय आन आंबेवाडीत काय.”

आधार कार्डं परत काढायला आठ हेलपाटे झाले ते वेगळं. बाळ आता शाळेत जातंय.

नाव_नको

आमच्या घरी ह्याच अध्यायानं वाटोळं केलं, म्हणून मला धाग्याचं शीर्षक वाचूनच राग आला होता.

बाहेरून एक उपदेशक यायचे. नाव घेणार नाही. घराघरात मीटिंग, रात्री उशिरापर्यंत, फळ्यावर तक्ते काढायचे, सात वर्षं, साडेतीन वर्षं, बाण, चौकोन. शेवटाला किती दिवस राहिलेत, आता शिकून काय करणार, बँकेत ठेवून काय करणार. आईबाबा साधी माणसं. बहिणीचं डीएड सुटलं, गावाकडची दहा गुंठे जमीन विकली आणि ते पैसे कुठं गेले ते आजवर कुणाला विचारायची सोय नाही. ते साहेब यायचे बंद झाले. शेवट काही आला नाही, हप्ते मात्र आले.

मी पाच सहा वर्षं शास्त्राला हात लावला नाही. मग एकदा रागातच उघडलं, चूक काढायला. शिष्य विचारतात ह्या गोष्टी कधी होणार, चिन्ह काय. मला वाटलं आता लगेच लढाया भूकंप येणार. तर येशूचं पहिलं वाक्य काय आहे बघा, कोणी तुम्हांला फसवू नये म्हणून जपा. पहिलं! लढायांच्या पण आधी. आणि पुढं त्याच अध्यायात परत परत तेच, खोटे ख्रिस्त, खोटे संदेष्टे, आणि तो रानात आहे म्हणाले तर जाऊ नका, आतल्या खोलीत आहे म्हणाले तर खरं मानू नका. आतल्या खोलीत! आमच्या मीटिंगा आतल्या खोलीतच व्हायच्या, दार लावून.

त्या तक्त्यावर हे वाक्य एकदापण आलं नव्हतं. मी त्या दिवशी रडलो की हसलो आठवत नाही. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली आपल्याला आधी कुणी का सांगितलं नाही. मी म्हटलं, आई, सांगून ठेवलेलं होतं.

बहीण आता अंगणवाडीत आहे. उपासनेला येते, पण प्रकटीकरणावर, म्हणजे बायबलाच्या शेवटच्या पुस्तकावर, उपदेश असला की उठून बाहेर जाऊन उभी राहते. कुणी तिला काही बोलू नये.

निवृत्त_गुरुजी

वरचा अनुभव वाचून हात जोडले. मी इतिहास शिकवायचो, म्हणून थोडं भरीचं.

ह्या अध्यायाची सुरुवात यरुशलेमच्या मंदिरापासून आहे, येशू म्हणतो दगडावर दगड राहणार नाही. इसवी सन ७० मध्ये टायटसच्या रोमी फौजेनं यरुशलेम घेतलं आणि मंदिर पाडलं. पोरं मला विचारायची, मग ती पश्चिमेची भिंत अजून कशी उभी आहे? ती मंदिराची भिंत नव्हे, ज्या उंचवट्यावर मंदिर होतं त्याच्या कडेची आधारभिंत आहे. युसेबियस हा चौथ्या शतकातला इतिहासकार लिहितो की यरुशलेममधले ख्रिस्ती युद्धाआधी यार्देनेच्या पलीकडं पेल्ला गावी निघून गेले. काही अभ्यासकांना ह्यावर शंका आहे, तेही सांगायला पाहिजे. आणि हे सगळं होईपर्यंत ‘ही पिढी’ नाहीशी होणार नाही, हे ३४ वं वचन मला अजून पूर्ण उलगडलेलं नाही, चाळीस वर्षं झाली. जे उलगडलंय त्यावर चालतो.

आपल्या कोल्हापुरात मिशनचं काम १८५२ ला अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आले तेव्हा सुरू झालं. तेव्हापासून दुष्काळ झाले, प्लेग झाला, दोन महायुद्धं झाली, दर पिढीतल्या कुणाला ना कुणाला वाटलं असणार की हाच तो काळ. आणि त्यांनीच शाळा बांधल्या. दवाखाने बांधले. शेवट उद्यावर आलाय असं मानणारा माणूस पायासाठी एवढा खोल खड्डा खणत नाही, किंवा कदाचित मानूनही खणतो. मला दुसरं जास्त आवडतं.

फौंड्रीवाला_शिरोली

मी थोडक्यात. मला पूर, कोरोना ह्यात विश्वास डळमळला नाही, भावामुळं डळमळला. वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावानं नोटीस पाठवली. दोघं एकाच बाकावर प्रभुभोजन घेणारे.

२४ व्या अध्यायात एक वाक्य आहे ज्यावर कोण व्हिडिओ बनवत नाही, अनीती वाढल्यामुळं पुष्कळांची प्रीती थंडावेल. आमच्या फौंड्री लाईनमध्ये लॅडलमधलं, म्हणजे ओतायच्या भांड्यातलं, वितळलेलं मेटल थंड झालं तरी बघणाऱ्याला लालच दिसतं. ओतलं की मोल्डमध्ये (साच्यात) दोन बाजूनं येऊन एकमेकाला भिडतं पण एकजीव होत नाही, मधी बारीक रेघ राहते, त्याला कोल्ड शट म्हणतात. वरनं कास्टिंग झकास दिसतं, लोड आला की तिथनंच तुटतं. आम्ही भाऊ चर्चमध्ये हातात हात देत होतो तेव्हा तेच होतं.

मला वाटायचं महासंकट म्हणजे आभाळातनं काहीतरी पडणार. मी ते जेवणाच्या ताटावर बघितलं. केस अजून चालू आहे. ईस्टरला मी त्याच्या घरी गेल्तो, चहा दिला, साखर जास्त होती, जुनी सवय त्याला लक्षात होती. एवढंच झालंय अजून.

शेजारी

मी ख्रिस्ती नाही, वाचायला येतो. आमच्यात पण कलियुग संपायच्या गोष्टी असतात आणि आमच्यातपण फॉरवर्ड येतात, त्यामुळं घरच्यासारखं वाटलं. एक विचारू का? राग मानू नका. तुम्हाला जग संपावं असं वाटतं का?

कुंभारगल्लीवाला

शेजारीदादा, राग कसला. मी पप्पांना तुमचा प्रश्न वाचून दाखवला. ते म्हणाले, जग संपावं असं नाही वाटत, तो यावा असं वाटतं, आणि तो येईपर्यंत कुणाची पँट अर्धी शिवून ठेवू नये. (त्याच अध्यायाच्या शेवटी धनी येतो तेव्हा कामावर सापडलेल्या चाकराची गोष्ट आहे, ती त्यांची आवडती. मला वाटतं टेलर लोकांना ती जास्तच लागते, दिलेली तारीख कधी पाळत नाहीत ना.)

@नाव_नको, तुमचं लिहिलेलं तरुण संघात वाचून दाखवलं तर चालेल का? त्या झोप न येणाऱ्या पोरीला मी हा धागा पाठवलाय. तिनं सिस्टरांचं दोनदा वाचलं म्हणाली.

आणि कोल्हापुरातल्या लोकांसाठी, धरणक्षेत्रात जोर आहे, पंचगंगा वाढालीय. शनिवारी सकाळी हॉलमधल्या खुर्च्या, पेटी आणि जुनी रजिस्टरं माळ्यावर चढवायची आहेत. दहा जण पाहिजेत. चहा आणि वडापाव आहे. दोरी असेल तर घेऊन या.