शब्दचर्चा: किरणोत्सारी कचऱ्याची ‘साठवण’, ‘निक्षेप’ की ‘विल्हेवाट’?

प्रश्न

अणुभट्टीतले वापरून झालेले इंधन जमिनीखाली खोल खडकात ठेवणे आणि त्याच्या दीर्घकालीन सुरक्षिततेचे नियमन, अशा विषयावरचे एक भाषांतर तपासते आहे. भाषांतरकाराने ‘स्टोरेज’ आणि ‘डिस्पोजल’ दोन्हींना सरसकट ‘साठवण’ म्हटले आहे, मध्येच ‘भूगर्भीय निक्षेप’ही येतो. ‘विल्हेवाट’ वापरावा, तर वस्तू नाहीशीच झाली असे वाटते. शिवाय ‘रीझनेबल एक्स्पेक्टेशन’चे ‘पुरेशी हमी’ केले आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद

दोन्हींना ‘साठवण’ म्हटले तर अख्खा अहवालच कोसळेल. वापरलेले इंधन आणि किरणोत्सारी कचरा यांच्या सुरक्षिततेवरच्या १९९७च्या आंतरराष्ट्रीय संयुक्त करारात या दोन संज्ञांमधली रेघ स्पष्ट आहे: परत काढण्याचा हेतू ठेवून सांभाळले तर ते स्टोरेज, तो हेतू न ठेवता योग्य जागी ठेवले तर डिस्पोजल. फरक हेतूचा आहे, खोलीचा नाही. इंधन पाण्याच्या टाकीत वर्षानुवर्षे पडून असले तरी ती साठवणच. फिनलंडमध्ये ओल्किलुओतो इथल्या ओन्कालो या भूगर्भातल्या विल्हेवाट-स्थळी मात्र ते बिडाचा गाभा असलेल्या तांब्याच्या डब्यांत बंद करून, सुमारे ४०० ते ४५० मीटर खोल, भोवती बेंटोनाइट माती ठासून ठेवायचे आहे. शेवटी बोगदेही बुजवायचे. याला साठवण कसे म्हणणार?

‘निक्षेप’ तर उलट्याच अर्थाचा आहे. धर्मशास्त्रातल्या व्यवहारप्रकरणात निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली आणि मागितल्यावर परत करायची ठेव. शब्द भारदस्त आहे म्हणून तो इथे घेऊ नये.

राहिला ‘विल्हेवाट’. ‘विल्हेस लावणे’ म्हणजे ज्याच्या त्याच्या जागी नीट लावणे; नाहीसे करणे हा त्याचा मूळ अर्थ नाही. मी ‘खोल भूगर्भीय विल्हेवाट’ असे लिहीन आणि पहिल्यांदा येईल तिथे व्याख्या देईन.

एक पथ्य मात्र पाळा. ‘परत काढण्याचा हेतू नाही’ याचे ‘परत काढता येणार नाही’ असे करू नका. फ्रान्सच्या कायद्यात किमान १०० वर्षे निर्णय फिरवता येण्याची अट आहे. जर्मनीच्या २०१७च्या कायद्यानुसार जागा बंद केल्यानंतर ५०० वर्षे कचरा बाहेर काढण्याची शक्यता राखायची आहे. तरीही दोन्हीकडे ती विल्हेवाटच.

प्रतिसाद

वरच्या मताशी सहमत. मला ‘हमी’बद्दल लिहायचे आहे, कारण इथे चुकीच्या शब्दामुळे वाचकाची फसवणूक होते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८५च्या नियमांत सरळच लिहिले की, इतक्या लांबच्या काळाबद्दल नेहमीच्या अर्थाने पुरावा मिळणे शक्य नाही. म्हणून हवी ती ‘वाजवी अपेक्षा’. म्हणजे खडक, पाणी, डब्यांचे गंजणे यांची जेवढी माहिती आहे ती मांडायची, अनिश्चितता लपवायची नाही, आणि त्या आधारावर मर्यादा पाळली जाईल असे समंजस माणसाला पटवून द्यायचे. हमी देणारा चुकला तर भरपाई करतो. दहा हजार वर्षांनी ती कोण करणार? तेव्हा ‘वाजवी अपेक्षा’ असेच लिहा. कानाला कमकुवत वाटला तरी तोच प्रामाणिक शब्द आहे.

‘दीर्घकालीन’ शब्दाशेजारी आकडाही द्या. युक्का माउंटन या अमेरिकेतल्या नियोजित विल्हेवाट-स्थळासाठी २००१मध्ये १०,००० वर्षांची मुदत ठरली होती. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने मात्र १९९५मध्येच सांगितले होते की, सर्वाधिक किरणमात्रा त्याच्या कितीतरी नंतर येऊ शकते. २००४मध्ये न्यायालयाने ती मुदत रद्द केली. २००८च्या नियमात किरणमात्रेची मर्यादा अशी: पहिल्या १०,००० वर्षांत वर्षाला ०.१५ मिलिसिव्हर्ट (किरणमात्रेचे एकक), त्यापुढे दहा लाख वर्षांपर्यंत १ मिलिसिव्हर्ट. वापरलेल्या इंधनातल्या प्लुटोनियम-२३९चा अर्धायुकाल (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे २४,१०० वर्षे आहे, हे लक्षात घेतले की पहिली मुदत तोकडी का होती ते कळते.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार, तिन्ही शब्द बदलते. एक शंका उरली. अहवालात ‘बंद झाल्यानंतर नियामकाच्या अखंड देखरेखीमुळे सुरक्षितता राहील’ असे वाक्य आहे. मुळातच असे असेल का?

प्रतिसाद

ताई, मूळ वाक्य जरूर पाहा, बहुधा भाषांतरात उलटले आहे. या क्षेत्रातले तत्त्व नेमके विरुद्ध आहे: बंद झाल्यावरची सुरक्षितता माणसाच्या पहाऱ्यावर अवलंबून असता कामा नये. मी वर सांगितलेल्या १९८५च्या नियमांत तर, सक्रिय देखरेखीचा फायदा १०० वर्षांपलीकडे हिशेबात धरायचाच नाही, अशी अट आहे. त्यानंतर भार खडकावर, मातीवर आणि डब्यांवर. नियामकाची खरी कसोटी परवाना देण्याआधी लागते.

जर्मनीतल्या ‘असे’ नावाच्या मिठाच्या खाणीचे उदाहरण घ्या. १९६७ ते १९७८ दरम्यान तिथे किरणोत्सारी कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपे उतरवली गेली, तीही प्रयोगाच्या नावाखाली. पुढे खाणीत रोज साधारण १२ घनमीटर खारे पाणी झिरपू लागले आणि २०१३मध्ये कचरा बाहेर काढण्याचा कायदा करावा लागला. जागा निवडतानाच काटेकोर तपासणी झाली नाही, तर नंतर कितीही लक्ष ठेवून ती चूक भरून निघत नाही.

‘अखंड देखरेखीमुळे’च्या जागी ‘देखरेखीवर अवलंबून न राहता’ बसते का ते मुळाशी ताडून बघा. आणि ‘सुरक्षा’ व ‘सुरक्षितता’ यांचीही सरमिसळ असेल तर तीही निस्तरा: चोरी-घातपातापासून राखणे ती सुरक्षा, किरणोत्साराच्या अपायापासून वाचवणे ती सुरक्षितता.