मार्लीच्या जबड्यावरून घरात रडारड. मुलांना कोणता 'ख्रिसमस कॅरल' दाखवू?

वसईची आत्या:
परवा कुलकुल (नाताळचा गोड पदार्थ) वळायला घरची सगळी जमलो होतो. भाचरं मधेमधे पीठ पळवत होती, म्हणून त्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि २००९चा, जिम कॅरीवाला 'अ ख्रिसमस कॅरल' लावून दिला. मी काट्याच्या चमच्यावर कुलकुल वळतेय तोच आतून किंकाळी. मार्लीचं, म्हणजे कंजूष स्क्रूजच्या मेलेल्या भागीदाराचं, भूत आलं होतं. त्याचा जबडा निखळून लोंबतो आणि तो हातानं जबडा हलवत बोलतो! सहा वर्षांचा भाचा धावत येऊन माझ्या मांडीत घुसला, निम्मी कुलकुल त्याच्या गुडघ्याखाली चपटी. त्या रात्री दिवा बंद करू दिला नाही. दाराच्या कडीवर मार्लीचा चेहरा दिसतो ना, तेव्हापासून हा आमच्या कडीलाही हात लावत नाही. भावजय माझ्यावरच घसरली, "नाताळात भुतं कशाला दाखवता?"

हे जबड्याचं मूळ पुस्तकात आहे की सिनेमावाल्यांनी घुसडलं? आणि लहानांना चालेल अशी दुसरी कार्टून आवृत्ती आहे का? रविवारी सगळी परत येणार आहेत.

शिसपेन्सिल:
आत्या, मूळ लेखक डिकन्सच्याच नावावर हे बिल फाडा. १८४३चं पुस्तक, आणि उपशीर्षकातच 'नाताळची भूतकथा' म्हटलंय. मार्ली डोक्याचं फडकं सोडतो आणि जबडा छातीवर पडतो, हे त्यातलंच. आपल्याकडेही माणूस गेला की तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटीखालून पट्टी बांधतात. ते हे फडकं. म्हणजे सात वर्षांपूर्वी पुरला, तसाच उठून आलाय.

हातानं जबडा हलवणं मात्र सिनेमाची भर. पुढे स्क्रूज उंदराएवढा होतो आणि शववाहिकेचे घोडे त्याच्या मागे लागतात, तेही पुस्तकात नाही. थ्रीडीची हौस, दुसरं काय.

माझी आवडती रिचर्ड विल्यम्सची, १९७१ची. २५ मिनिटांची. टीव्हीसाठी केली, मग थेटरात लागली आणि ऑस्कर घेऊन आली. दिसते जुन्या खोदचित्रांसारखी, प्रत्येक सावलीत बारीक तिरप्या रेघांचं जाळं. मी स्वतः चित्रं काढतो. त्या रेघा हलताना बघून माझंच मनगट दुखायला लागतं. स्क्रूजचा आवाज अ‍ॅलिस्टर सिमचा, १९५१च्या सिनेमात स्क्रूज झालेला तोच. खाणकामगारांची झोपडी, दीपगृह, समुद्रातलं जहाज ही पुस्तकातली भुताबरोबरची चक्कर बहुतेक सिनेमे गाळतात, इथे ती आहे.

पण सहा वर्षांच्या पोराला नको. जबडा तिथेही आ वासतो, आणि भूत तो न हलवता बोलत राहतं. मला तर ते जास्त भयाण वाटतं.

उंबरा:
एवढं कशाला? मिकी माऊसवाला लावा, १९८३चा. २६ मिनिटं. त्यात मार्ली म्हणजे मिकीचा वेंधळा दोस्त गूफी! जाताना जिन्यावरून धडाधड खाली. पोरं लोळतील.

शिसपेन्सिल:
उंबरा, शेवट विसरलात वाटतं. भविष्याचं भूत झालेला पीट स्क्रूजला थडग्यात ढकलतो आणि खालच्या शवपेटीतून आगीचे लोळ येतात. आत्या, तेवढा वेळ जवळ बसा.

वसईची आत्या:
मिकीच लावला. गूफी पडला तो भाग तीनदा मागे नेऊन बघितला. थडगं आलं तेव्हा भाच्याने डोळ्यांवर हात घेतला, पण बोटांच्या फटीतून बघत होता लबाड. संपल्यावर शांतपणे म्हणतो, "आत्या, त्या पहिल्या भुताला फडकं परत कोण बांधून देतं?" मला काही सांगता येईना. शिसपेन्सिल, पुस्तकात आहे का काही?

शिसपेन्सिल:
आहे की. मार्ली जायच्या आधी टेबलावरचं फडकं उचलतो आणि स्वतःच बांधतो. स्क्रूजची नजर खाली असते. जबडे जुळताना दात टक्कन वाजतात, त्यावरून त्याला कळतं.