भाऊ अमेरिकेहून येतोय, सेलमधला क्वेस्ट ३एस मागवू का?

सांजवात
नमस्कार. परवापर्यंत भावाला कळवायचं आहे म्हणून घाईत लिहितेय. धाकटा भाऊ डॅलसला असतो, पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय. तिकडे २०२५ चा थँक्सगिव्हिंगचा सेल लागलाय आणि मेटाचा (फेसबुकवाल्या कंपनीचा) क्वेस्ट ३एस हा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवला की आभासी जग दाखवणारं यंत्र, १२८ जीबीवाला, २९९ डॉलरऐवजी २४९ ला मिळतोय. म्हणजे आपले साधारण बावीस हजार. "ताई, घेऊन येऊ का?" असं त्याने विचारलं आणि आमच्या घरात तेव्हापासून दुसरा विषय नाही.

आम्ही चौघं. मुलगा सहावीत, अकरा पूर्ण. त्याला खेळ हवेत. नवऱ्याचं म्हणणं, रोज सकाळी यावर व्यायाम करीन, जिमला जाणं मला जमत नाही हे सिद्ध झालंय. आणि मला तो बाबांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी हवाय. वय ७४, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाहेर पडणं फार कमी झालंय. बालपण नाशिकला पंचवटीत गेलं. तिथली गल्ली त्यांना पुन्हा दाखवता येईल का, हे माझ्या डोक्यात घोळतंय.

हॉलमध्ये टीपॉय आणि दोन खुर्च्या हलवल्या तर सहा बाय सात फूट जागा मोकळी होते. मुलगा आणि नवरा दोघांनाही चष्मा आहे. बावीस हजार आमच्यासाठी सहज उडवायची रक्कम नाही. ज्यांनी घेतला आणि नंतर वापरणं सोडलं, त्यांनी आवर्जून लिहा.

आडवाट
मी सोडलेल्यांपैकी आहे, म्हणून पहिला प्रतिसाद माझा. घेऊ नका.

मी २०२२ मध्ये क्वेस्ट २, म्हणजे याच कुळातला जुना हेडसेट, घेतला. पहिले सहा आठवडे रोज. पाहुणे आले की त्यांच्याही डोक्याला लावायचो. चौथ्या महिन्यात तो माळ्यावर गेला. यंत्र बिघडलं नव्हतं. चार्ज करा, अपडेट होईपर्यंत थांबा, टीपॉय सरकवा, पट्टा सैल करा, चष्मा आत बसवा, मग अर्धा तास खेळा, मग घाम पुसा आणि सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवा. कामावरून दमून आलेला माणूस हे रोज करत नाही. टीव्ही लावला की शेजारी बसलेला माणूस न बोलावता सामील होतो. हेडसेट लावला की एकजण खोलीतून उठून गेल्यासारखा होतो. माझी बायको एकदा म्हणाली, "तू घरात असतोस पण सापडत नाहीस." ते मला लागलं.

सवलतीबद्दलही बोलतो. क्वेस्ट २ ऑक्टोबर २०२० मध्ये २९९ डॉलरला आला. ऑगस्ट २०२२ मध्ये किंमत शंभर डॉलरने वाढवली. मग २०२४ च्या सुरुवातीला २४९ आणि त्याच वर्षी काही महिन्यांत १९९. लोकांनी धडाधड घेतला. सप्टेंबरमध्ये ३एस जाहीर झाला आणि क्वेस्ट २ ची विक्री गुंडाळायला घेतली. किंमत का उतरतेय हे विचारल्याशिवाय या धंद्यात पैसे टाकू नयेत.

मायक्रोसॉफ्टचं उदाहरण याहून मोठं आहे. विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या त्यांच्या व्हीआर व्यवस्थेवर चालणारे हेडसेट अनेक कंपन्यांनी काढले होते, सेलमध्ये स्वस्तातही मिळायचे. डिसेंबर २०२३ मध्ये ती व्यवस्था बंद करणार असं जाहीर झालं आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती काढूनच टाकली. भिंगं, पडदे, कॅमेरे सगळं शाबूत, आणि नव्या विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेने हेडसेट चालू होत नाही.

खटपट्या
आडवाट, तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

मिक्स्ड रिॲलिटीचे हेडसेट कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय चालायचेच नाहीत. क्वेस्ट स्वतःच्या प्रोसेसरवर चालतो, त्यामुळे तुलना घ्यायचीच तर त्याच कुळातली घ्या. पहिला क्वेस्ट मे २०१९ मध्ये आला आणि त्याचे सुरक्षा अपडेट ऑगस्ट २०२४ पर्यंत मिळाले. पाच वर्षं. बावीस हजारांचा मोबाइल आपण किती वर्षं वापरतो? ३एस ऑक्टोबर २०२४ मध्ये आलाय. शिवाय क्वेस्ट २ च्या वेळी मागून नवा येणार होता म्हणून भाव पडला, आत्ताचा मात्र दर वर्षीचा नाताळाआधीचा सेल आहे.

सांजवात, तुम्हाला काय मिळतंय ते नीट समजून घ्या. क्वेस्ट ३, म्हणजे ३एस चा महागडा भाऊ, आला तेव्हा ४९९ डॉलरचा होता. त्यात जो प्रोसेसर आणि जी ८ जीबी रॅम, तीच ३एस मध्ये आहे. म्हणजे खेळ आणि ॲप तेच चालतात. पैसे कुठे वाचवलेत? भिंगांमध्ये. ३एस ची भिंगं आणि पडदा जवळजवळ क्वेस्ट २ चेच, प्रत्येक डोळ्याला १८३२ बाय १९२० पिक्सेल. क्वेस्ट ३ मध्ये २०६४ बाय २२०८ आणि कडेपर्यंत स्वच्छ दिसणारी पातळ भिंगं. ३एस मध्ये मधोमध छान दिसतं, कडेला पुसट होतं आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर आलं की भोवती प्रकाश फाकतो. हेडफोनची पिनही नाही.

व्यायामाचं म्हणाल तर मी दोन वर्षं सकाळी चहाआधी पंचवीस मिनिटं बीट सेबर नावाचा खेळ खेळतो. अंगावर येणारे ठोकळे तालावर दोन्ही हातांनी कापायचे, मधूनच वाकायचं, बाजूला व्हायचं. वजन फार उतरलं नाही. पण चौथ्या मजल्यावर जिन्याने जाताना दम लागायचा, तो लागत नाही. माझी खोली मोकळीच असते आणि हेडसेट टेबलावर चार्जिंगला लावलेला असतो. आडवाटांची खरी अडचण माळा आहे. वस्तू वर गेली की संपली.

आडवाट
तुमची खोली मोकळी असते, खटपट्या. त्यांच्या हॉलमध्ये टीपॉय आहे. मी तेच सांगतोय.

भिंग
मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, तेवढ्यापुरतं लिहिते. बाकी खेळांमधलं मला कळत नाही.

दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला आम्ही पीडी म्हणतो, ते घरातल्या प्रत्येकाचं मोजून घ्या. कुठल्याही दुकानात दोन मिनिटांत मोजून देतात. क्वेस्ट ३एस ची भिंगं तीनच जागी सरकतात: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. क्वेस्ट ३ ला चाक आहे, त्याने हळूहळू जुळवता येतं. तुमचं माप तीनपैकी एकाच्या आसपास असेल तर काळजी नाही. पण ६८ च्या बरंच पुढे किंवा ५८ च्या बरंच मागे असेल तर सतत थोडं पुसट दिसतं, डोळे ओढल्यासारखे होतात आणि कपाळ दुखतं. "व्हीआर मला सोसत नाही" म्हणणाऱ्यांपैकी काहींचं दुखणं एवढंच असतं.

दुसरं, जवळची वस्तू बघताना आपले डोळे आत वळतात आणि बुबुळामागचं भिंग फुगून जवळ फोकस करतं. ही दोन्ही कामं जोडीने होतात. हेडसेटमध्ये वस्तू जवळ आल्यासारखी दिसते, डोळे आत वळतात, पण फोकस मात्र एकाच ठरावीक अंतरावर ठेवावा लागतो. जोडी फुटते आणि डोळे थकतात. म्हणून अर्ध्या तासाने विश्रांती हवीच, मुलाला तर नक्कीच.

चष्मा घालून लावता येतो, पण काच भिंगावर घासली तर दोन्हीवर चरे पडतात. नंबरच्या वेगळ्या काचा आत बसवता येतात, त्याचा खर्च धरा. आणि हेडसेट खिडकीपाशी कधीही ठेवू नका. ऊन भिंगातून एकवटून पडद्यावर पडतं आणि पडदा जळतो. लहानपणी भिंगाने कागद पेटवायचो, तसंच.

घाटमाथा
ज्यांना वरंधा घाटात मळमळतं त्यांनी जपून. डोळ्यांना वाटतं आपण चाललोय आणि कानातल्या तोलाच्या यंत्रणेला वाटतं आपण जागच्या जागी उभे आहोत. एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी मारायची सोय असलेले खेळ निवडले की मला त्रास होत नाही, हातातल्या कंट्रोलरची छोटी काठी ढकलून चालायचे खेळ पाच मिनिटांत नको होतात. आणि छताचा पंखा बंद करा. मी हात वर केला आणि दोन टाके पडले.

जर्सीतली_आई
आमच्याकडे दीड वर्ष आहे, मुलगी बारा वर्षांची. दहा ते बारा वयाच्या मुलांना आईवडिलांच्या देखरेखीखालचं खातं काढता येतं. कोणतं ॲप, किती वेळ, हे आपल्या फोनवरून ठरवता येतं. ते पहिल्याच दिवशी करा, "नंतर बघू" म्हणू नका. मी म्हटलं होतं. अनोळखी माणसांशी थेट आवाजात बोलता येतं असे खेळ आहेत आणि मुलगी काय ऐकत होती हे मला तीन आठवड्यांनी कळलं. टीव्हीवरचं निदान स्वयंपाकघरातून ऐकू येतं. आता ती खेळते तेव्हा तिला दिसणारं सगळं माझ्या फोनवरही दिसत राहतं, हा आमच्या घरातला नियम आहे.

फक्त मुलासाठी घेत असाल तर माझं मत अजून दोन वर्षं थांबा.

गोदाकाठ
मी फक्त बाबांबद्दल लिहितो, कारण मी नाशिकचा आणि हा उद्योग मी माझ्या वडिलांसाठी केलाय.

गूगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतात जुलै २०२२ मध्ये दहा शहरांपासून सुरू झालं, त्यात पुणे, मुंबई, नगर यांच्याबरोबर नाशिक होतं. क्वेस्टवर वॉन्डर नावाचं ॲप आहे, विकत घ्यावं लागतं, त्यात ही चित्रं आपल्याभोवती उभी राहतात. मान वळवली की मागचं दिसतं. पण अपेक्षा बेताची ठेवा. ते गोल फिरणारे फोटो आहेत, वस्तू जवळ-लांब असल्यासारख्या वाटत नाहीत. आणि कॅमेऱ्याची गाडी जिथे शिरली तिथलंच दिसतं, पंचवटीतल्या बोळांत सगळीकडे ती गेलेली नाही.

वडिलांना हातांच्या खुर्चीत बसवलं होतं. फिरत्या खुर्चीत कधीच बसवू नका, तोल जातो. सात मिनिटं त्यांनी पाहिलं. मग विचारलं, "पिंपळ कुठाय?" तो रस्ता रुंद करताना गेला, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. हेडसेट काढला आणि संध्याकाळभर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मला जवळ बसवून त्या पिंपळाखाली कोण कोण बसायचं ते सगळं सांगितलं. त्या सात मिनिटांसाठी मी पैसे खर्च केले याचं मला वाईट वाटत नाही. मी घ्या म्हणेन.

आडवाट
गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो थोडा वेळ. पण मग सांजवातना माझी एक विनंती आहे. स्ट्रीट व्ह्यू लॅपटॉपवर फुकट दिसतं. एचडीएमआयची वायर लावून टीव्हीवर घ्या आणि आज रात्रीच बाबांना दाखवा. अर्धा किलो वजन, ५१४ ग्रॅम, ७४ वर्षांच्या मानेवर पुढच्या बाजूला लटकवण्याआधी हे करून पाहायला काय हरकत आहे?

खटपट्या
हे मलाही पटतं. मात्र टीव्हीवर पाहणं आणि त्यात उभं असणं यात फरक आहे, तो अनुभवल्याशिवाय सांगता येत नाही. विकत घेतलेलं ॲप आवडलं नाही तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी वापरलं असेल तर पैसे परत मागता येतात, तेही लक्षात ठेवा. आणि अमेरिकेतल्या खरेदीची वॉरंटी इथे चालेल असं गृहीत धरू नका. भाऊ पुढच्या वर्षी परत येणार असेल तरच दुरुस्तीची आशा.

आडवाट
हेच तुम्ही पहिल्या प्रतिसादात लिहायला हवं होतं. बावीस हजार, त्यावर काचा, बरा पट्टा, डॉलरमधले खेळ, आणि वॉरंटी नाही. ही रक्कम तीसच्या घरात जाते. शिवाय खेळही कायमचे आपले नसतात. एको व्हीआर हा लोकांचा जीव असलेला खेळ १ ऑगस्ट २०२३ ला बंद केला, त्यातले सवंगडी एका रात्रीत पांगले.

खटपट्या
वॉरंटीचं आधी लिहायला हवं होतं, मान्य. खेळ बंद पडण्याचं मात्र फोनवर, कॉम्प्युटरवर सगळीकडे होतं, त्यासाठी एकट्या हेडसेटला दोष देऊ नका.

सांजवात
सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

काल रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप टीव्हीला जोडला. पंचवटी कारंजापासून सुरुवात केली. माउस मुलाच्या हातात, बाबा काठीने टीव्हीवर दाखवतायत: "डावीकडे घे. नाही रे, अजून पुढे." त्यांची गल्ली दिसली नाही, गाडी तोंडाशीच थांबलेली. पण तोंडावरचं दुकान त्यांनी ओळखलं, पाटी बदलली होती तरी. मग कुठून पोहायला उडी मारायचे, पूर आला की पाणी कुठवर यायचं, हे मुलगा विचारत राहिला. पावणेबारा वाजले. उद्या शाळा आहे हे मीच विसरले होते.

आज संध्याकाळी भिंगताईंनी सांगितलं तसं दुकानात जाऊन तिघांची पीडी मोजून आणली. बाबांची ६४. मुलाची ५५. नवऱ्याची ७२.

भिंग
मग ३एस नको. बाबांना चालेल, पण रोज वापरणार ते दोघं, आणि दोघंही मापाच्या बाहेर. मुलाची अजून वाढेल. तुमच्या यजमानांना मात्र तो कधीच नीट बसणार नाही.

खटपट्या
७२ असेल तर मीही घ्या म्हणणार नाही. माझ्याकडे क्वेस्ट ३ आहे आणि मी पाषाणला राहतो. रविवारी सकाळी तुमच्या यजमानांना पाठवा, माझ्या खोलीत अर्धा तास खेळून बघू दे. घाम पुसायला पंचा आणायला सांगा.

सांजवात
पाठवते. भावाला आत्ताच फोन करून नको म्हणून सांगितलं. मुलगा रुसलाय, पण बाबांनी त्याला आज रात्री रामकुंडापासून पुढे न्यायचं कबूल केलंय.