ओडिसी, सर्ग २२: त्या बाराजणींना मराठीत काय म्हणू?

शेवंती:
आमच्या शनिवारच्या वाचनगटासाठी होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याचा बाविसावा सर्ग इंग्रजीवरून मराठीत उतरवतेय. ओडिसियस वीस वर्षांनी घरी परततो, तो हा भाग. त्याच्या बायकोच्या, पेनेलपीच्या, मागे लग्नासाठी लागलेले १०८ जण मरेपर्यंत हात झरझर चालला, आणि मग अडला. ओडिसियस म्हाताऱ्या दाईला, युरिक्लियाला, विचारतो, घरातल्या बायकांत फितूर कोण? ती सांगते, पन्नासातल्या बारा. आधी त्यांच्याकडूनच प्रेतं बाहेर काढून घेतात, रक्ताळलेली टेबलं पुसून घेतात, मग फाशी. ‘मोलकरणी’ लिहिलं तर वाटतं पगार असेल, पटलं नाही तर काम सोडलं असतं. ‘दासी’ लिहिलं की संगीत नाटकातली चवरी ढाळणारी दिसते मला. काय लिहू? आणि त्यांचा गुन्हा नेमका काय?

पाटपाणी:
मालकिणीशी उद्धटपणा आणि शत्रूंशी लगट. पेनेलपीने घरातल्या मेलांथोला लेकीसारखं वाढवलं, खेळणी दिली. तीच त्या १०८ मधल्या युरिमॅकसच्या नादी लागली. लग्न लांबवायला पेनेलपी दिवसा विणलेलं रात्री उसवायची, ते गुपितही घरातल्याच बाईने फोडलं. फितुरी ती फितुरीच.

जुनं दप्तर:
ताई, ‘बटीक’ किंवा ‘कुणबीण’ लिहा. पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात, तोच प्रकार इथे. युरिक्लियासुद्धा विकतच आणलेली, वीस बैलांच्या मोलाने. ओडिसियसच्या बापाने, लाएर्तीसने, तिला कधी शेजेवर घेतलं नाही, कारण बायको रागावेल, असं होमर आवर्जून सांगतो. म्हणजे अडवणारा एवढाच धाक होता. तिला कोण विचारतंय!
पाटपाणी, याच सर्गाच्या सुरुवातीला, ३७वी ओळ काढा. ओडिसियस त्या पुरुषांना सुनावतो की माझ्या बटकींना तुम्ही जबरदस्तीने शेजेवर घेतलंत. जबरदस्तीने, हा त्याचाच शब्द. आणि चारेकशे ओळींनंतर फास त्याच बायकांच्या गळ्यात.

फिरस्ता:
स्वतः ओडिसियस साहेब वाटेत किर्की या देवीकडे एक वर्ष आणि कॅलिप्सो या देवीकडे सात वर्षं राहून आलेत. पाचव्या सर्गात कॅलिप्सो देवांचा दूत हर्मीस याला फटकारते ते वाचा: देवीने माणूस जवळ केला की तुम्हा देवांच्या पोटात दुखतं. निदान तिला बोलायला तरी मिळालं.

पाटपाणी:
३७ काढून पाहिली. आहे खरी. पूर्वी वाचताना नजरेतून सुटली होती. मेलांथोबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

शेवंती:
‘बटकी’ घेतलं. दादा, आभार.
आता फाशीपाशी अडलेय. ओडिसियसने मुलाला, तलेमाकसला, तलवारीने मारायला सांगितलेलं असतं. तलेमाकस म्हणतो, यांना स्वच्छ मरण नको, आणि जहाजाचा दोर बांधतो. पोराचं हे पहिलंच मोठं काम! तिथे होमर घरट्याकडे निघून जाळ्यात सापडलेल्या पाखरांची उपमा देतो. ‘पाय जरा वेळ हलले, फार वेळ नाही’ एवढीच ओळ, चारदा खोडली.
पेनेलपी तेव्हा माडीवर झोपलेली. नंतर युरिक्लिया हसत तिला उठवायला जाते. दाराशी रचलेली प्रेतं, गंधकाची धुरी, सगळं सांगते. बाराजणींविषयी चकार शब्द नाही.
बरं, पाखरं दोन दिलीत, कस्तूर नाहीतर पारवे. गटातल्या निम्म्यांनी कस्तूर पाहिलेला नाही. नुसते पारवे ठेवले तर चालेल ना?