चित्रपट पाहून जीवनाचे ध्येय सापडते का?

प्रश्न: दांडियाबाजारकर, बडोदे

मी एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात १९ वर्षे नोकरी करत आहे. रात्रीची जेवणे झाली की आई आणि मी बहुधा एखादा चित्रपट पाहतो. ध्येयाने झपाटलेल्या माणसाची गोष्ट असली की मला उशिरापर्यंत झोप येत नाही आणि आपणही काही करावे असे तीव्रतेने वाटते. परंतु सकाळी डबा, स्कूटर आणि महिनाअखेरीची घाई सुरू झाली की ती ओढ पार ओसरते. आमच्या सोसायटीतली मराठी मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण मराठी पुस्तक हाती दिले की बिचकतात. त्यांना रविवारी वाचायला शिकवावे, असे मी अशाच एका रात्री ठरवले होते आणि त्याला आता दीड वर्ष झाले. पडद्यावरच्या माणसाला एका प्रसंगात ध्येय सापडते आणि तो कामाला लागतो. मला ते का जमत नाही? की चित्रपटांकडून अशी अपेक्षा ठेवणेच चूक आहे?

उत्तर: रावपुरा वाचक

आपला अनुभव जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी १९५२ साली 'इकिरू' या चित्रपटात जसाच्या तसा दाखवला आहे. वातानाबे हा नगरपालिकेतला विभागप्रमुख ३० वर्षे कागदांवर शिक्के मारत आलेला असतो. पोटाचा कर्करोग झाल्याचे कळल्यावर तो मुलांसाठी एक बाग उभारतो, एवढी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मला मात्र त्याच्या मृत्यूनंतरचा भाग अधिक मोलाचा वाटतो. अंत्यविधीनंतर जमलेले सहकारी मद्याच्या भरात रडतात, यापुढे आपणही असेच काम करू अशा शपथा घेतात. आणि पुढच्याच प्रसंगात कार्यालयात आलेली नवी तक्रार पूर्वीप्रमाणेच दुसऱ्या विभागाकडे धाडली जाते. एक कारकून तेवढा ताडकन उठून उभा राहतो, पण काही न बोलता पुन्हा खाली बसतो.

आता वातानाबेने काय केले ते पाहावे. बागेचा अर्ज वस्तीतल्या बायकांनी त्याच्याच विभागाकडे आणलेला होता आणि तिथूनच तो इतरत्र टोलवला गेला होता. त्याने तो कागद पुन्हा हाती घेतला आणि प्रत्येक विभागाच्या दारात, अपमान सोसून, तासन् तास तो बसून राहिला. त्याचे ध्येय त्याच्याच टेबलावरून परत गेलेले होते. आपला दीड वर्षापूर्वीचा बेतही मला तसाच एक अर्ज वाटतो.

उत्तर: जुना कलाभवनवाला

'एका प्रसंगात' या शब्दांवर माझा आक्षेप आहे. दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले, पुढे त्यांनी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात काम केले, छपाईत उतरले. चाळिशीत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटात हा काळ फार लोभसपणे रंगवला आहे. पण त्याआधीची वीस वर्षे, म्हणजे रेखाटन, रसायने, ठसे यांत घालवलेली वर्षे नसती, तर तो मूकपट पाहून ते थक्क होऊन घरी परतले असते, इतकेच.

लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपत, त्याचा वेल वाढताना दाखवणारी छोटी फीत केली. पाहणाऱ्याला वेल काही क्षणांत वर चढताना दिसतो, आणि कॅमेऱ्यापाशी बसलेल्या माणसाने मात्र कितीतरी दिवस मोजलेले असतात. आपण स्वतःला पाहणाऱ्याच्या घड्याळाने मोजत आहात.

उत्तर: निजामपुऱ्याची सून

फाळक्यांचे नाव निघाले म्हणून लिहिते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फितीला छिद्रे पाडायचे काम शिकून घेतले आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. एकाच्या ध्येयाचा भार घरातले कोणीतरी उचलत असते आणि पडद्यावर तो भार सहसा गाण्याच्या दोन कडव्यांत उरकतात. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' (१९८२) मध्ये तसे होत नाही. सुलभा महाजन महिलाश्रमाच्या कामासाठी घर सोडते, आणि परतते तेव्हा ते घर तिचे राहिलेले नसते. कोण बरोबर, याचा निवाडा चित्रपट देत नाही, म्हणूनच तो मला अनेक वर्षे सोडत नाही. रोजच्या मालिकांतून मला असे कधी मिळाले नाही. तिथे कथा पुढच्या भागासाठी लांबवायची असते. तेव्हा मुले आपल्या घरी येणार असतील, तर रविवारची सकाळ आणखी कोणाची आहे, हे आधी घरात विचारावे, अशी माझी विनंती आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आईला आणि पत्नीला विचारले. रविवारी सकाळी पत्नीची शिकवणी असते, त्यामुळे संध्याकाळी ५ ची वेळ ठरली. आई गोष्टी सांगणार आहे, मी वाचून घेणार आहे. सध्या दोनच मुले तयार आहेत, एक नऊ वर्षांचा आणि एक बारा वर्षांची. हिंदीमुळे दोघांनाही देवनागरी येते, पण 'ळ' आला की दोघेही अडतात. जोडाक्षरे कमी असतील आणि तरीही बारा वर्षांच्या मुलीला बाळबोध वाटणार नाही, असे एखादे पुस्तक कोणी सुचवू शकेल का?